पाँडिचेरीऐवजी जैसलमेर

जैसलमेर, ५ डिसेंबर २००५

अहो,
सप्रेम नमस्कार. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. तुमच्या कुंदाताई शेजारी बसून नकाशा बघतात आणि वाटेतल्या प्रत्येक ट्रकवाल्याला नावं ठेवतात.

आमोदनं हिंजवडीच्या ऑफिसात बसून माझ्यासाठी पाँडिचेरी ठरवली. चित्रांची दालनं, टुमदार गल्ल्या, "आईला झेपेल असं." मला विचारलं कुणीच नाही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण वाळवंट फक्त फळ्यावर खडूनं काढलं. ते खरं बघायचं होतं, तेही स्वतः गाडी चालवत. तुम्ही म्हणालात, "तुझी गाडी स्वारगेटच्या चौकात बंद पडते." पडते. पण मीच ती परत सुरू करते, हे तुम्ही कुणाला सांगत नाही.

काल गाडी वाळूत रुतली. घाबरले, खोटं कशाला सांगू? ताई म्हणाल्या, "शरदला फोन लावू का?"
मी म्हटलं, "ते पुण्यातून ढकलणार आहेत का? त्यापेक्षा वाळू उकरू."
उकरली, चाकाखाली सतरंजी घातली आणि गाडी निघाली. समोर वाळूच्या टेकड्यांवर वारा रेघा ओढत होता. मला रडू आलं.

रक्तदाबाची गोळी वेळेवर घेताय ना? स्वयंपाकाच्या बाईंशी वाद घालू नका, त्या सोडून जातील.

आमोदला आम्हाला आणायला पाठवू नका. परतताना गाडी मीच चालवणार आहे. पाँडिचेरीलाही जाऊ, तुम्ही आणि मी. पण गाडीनं, आणि शेजारी बसून तुम्ही पायानं ब्रेक दाबायचा नाही.

तुमचीच,
हेमा