वाटीत न पाहिलेले पाणी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा कपडे धुणे व इस्त्री, हे मृत्युपत्र माझ्याच दुकानात, इस्त्रीच्या टेबलाशी बसून लिहीत आहे. येत्या सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. "साधं ऑपरेशन आहे," असे ते म्हणतात. "डाग निघून जाईल," असे मीही गिऱ्हाइकाला याच आवाजात सांगतो, म्हणून लिहून ठेवणे भाग आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नीचे मत वेगळे आहे, पण तिला कोणी विचारलेले नाही. कोणाची जबरदस्तीही नाही. कोणी जबरदस्ती करावी एवढी माझी इस्टेट नाही.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, पत्नीला मिळावे. घर आपलेच आहे असे ती चोवीस वर्षे सांगत आली आहे. आता कागदही तेच म्हणेल. स्वयंपाकघरातला नळ गळतो. "रविवारी बघतो" असे मी सहा वर्षे म्हणत आलो. तो रविवारही मी तिच्याच नावे करतो.

कलम २. बँकेतली शिल्लक पत्नी व मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. आकडा लिहीत नाही. मृत्युपत्र वाचताना कोणाला हसू येऊ नये.

कलम ३. दुकान, धुण्याचे यंत्र व दोन्ही इस्त्र्या मुलीला. जुनी जड इस्त्री जपून वापरावी. तिचा स्वभाव आमच्या घराण्याचा आहे: तापते पटकन, निवायला दिवस जातो. भिंतीवर मी रंगवून घेतलेला नियम पुसू नये: "रंगीत कपडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावा." हा नियम मी गावभर सांगितला. ज्या एका दिवशी पाळायला हवा होता, त्या दिवशी पाळला नाही. त्याविषयी कलम सहा.

कलम ४. समोरच्या शिंप्याला माझ्या दुकानातली मिठाची अर्धी गोणी द्यावी. "मिठाच्या पाण्यात भिजव, रंग पक्का होतो," हा सल्ला त्याने मला अकरा वर्षे फुकट दिला. कच्चा राहिलेला रंग मिठाने पक्का होत नाही, हे मी त्याला अकरा वर्षे फुकट सांगितले. गोणी त्याने घरी न्यावी आणि चवीपुरते वापरावे.

कलम ५. देवाला मी काही ठेवत नाही. त्याचेच त्याला देऊन वर उपकाराचा आव आणणे मला जमणार नाही. रोज दुकान उघडताना मी त्याच्यापुढे हात जोडून उभा राहतो आणि सगळे सांगतो. अकरा वर्षे एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. त्याला ती ठाऊक असणारच, पण आपणहून विषय काढायची त्याची रीत नाही.

कलम ६. आईच्या हातची गोधडी. हे कलम लांब आहे. ज्यांना फक्त इस्टेटीत रस आहे त्यांनी इथे उठून जावे.

गावच्या शाळेतून बाहेर पडल्यावर मी एका रंगाऱ्याच्या कारखान्यात लागलो. तिथे एकच कायदा होता. रंगवलेला कपडा खळबळायचा, शेवटचे पाणी पांढऱ्या वाटीत घ्यायचे आणि तळ स्वच्छ दिसेपर्यंत खळबळत राहायचे. वयाच्या विसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एकट्याने लाल कपडा रंगवला. तो आईला नेऊन द्यायची घाई होती. दुसऱ्याच पाण्याला मी तो पिळून खांद्यावर टाकला.

मालकाने विचारले, "वाटीत पाहिलंस?"

मी म्हणालो, "पाहिलं."

आईने तो लाल कपडा गोधडीच्या मधोमध लावला. भोवती वडिलांच्या पांढऱ्या सदऱ्यांचे तुकडे. ते जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. सबंध हिवाळा ती टाके घालत होती. जो येईल त्याला सांगायची, "मधला लाल आहे ना, तो धाकट्याच्या हातचा." गोधडी इतकी चांगली झाली की कोणाला वापरूच दिली नाही. अठरा वर्षे ट्रंकेत राहिली, मधूनमधून ऊन खाल्ले, पाणी मात्र कधी पाहिले नाही.

अकरा वर्षांपूर्वी आई आजारी पडली आणि तीच गोधडी पांघरायला मागू लागली. गोधडीवर औषध सांडले. मी आणि वहिनी ती धुवायला दादाच्या अंगणात घेऊन बसलो. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिने पिंपातले कोमट पाणी तांब्यात घेतले आणि हात थांबवला.

"भाऊजी, रंग जाणार नाही ना? फडक्याने पाहू का आधी?"

"माझ्या हातचा रंग आहे, वहिनी. गेला तर मिशी उतरवीन."

"बघा हं. मिशीशिवाय तोंडावर दुसरं काही नाही तुमच्या."

"ओता हो पाणी."

तिने ओतले. पाणी लाल झाले. वडिलांचे सगळे सदरे डोळ्यांदेखत गुलाबी झाले. आई दारात येऊन उभी राहिली. तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य निघाले ते असे: "गरम पाणी कोणी ओतलं?"

दादा बाहेर आला, शेजारीण आली. आमच्या घरात न्याय नेहमी भरल्या अंगणात होतो. निकाल वहिनीविरुद्ध लागला. ती एवढेच म्हणाली, "यांनीच सांगितलं ओत म्हणून." मी गप्प राहिलो. धंद्यातला माणूस गप्प राहिला की लोकांना तो पुरावाच वाटतो.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, म्हणजे मुलीच्याही कामी येईल. रंग फुटला तर कपडा वाळू द्यायचा नाही. ओला आहे तोवर गार पाण्यात, पाणी बदलत बदलत, सोबत जुनी पांढरी फडकी टाकून खळबळायचा. फुटलेला रंग बराचसा निघून जातो. वाळला की बसला. हे मला त्या दिवशीही माहीत होते. पण गोधडी उन्हात दोरीवर होती आणि आम्ही सगळे दोष कोणाचा हे ठरवत होतो. दोष ठरला तोवर रंग वाळला होता.

त्यानंतर आई गोधडी घेऊन माझ्याकडे राहायला आली आणि तीन वर्षांनी गेली. "थोरलीने माझी गोधडी बुडवली," हे ती शेवटपर्यंत म्हणायची, आणि मी तिचे पाय चेपत ऐकायचो. दादाच्या घरी मी त्या धुण्याच्या दिवसापासून पाय ठेवलेला नाही. रागाने गेलो नाही असे लोक समजतात. तोंड नव्हते म्हणून गेलो नाही.

म्हणून मी इथे लिहून देतो: पाणी कोमटच होते. रंग कच्चा होता, तो माझा होता आणि मी वाटीत पाहिले नव्हते. आई गेली, हे ऐकायला राहिली नाही. ही गोधडी माझ्यामागे वहिनीला मिळावी.

पुरवणी, शनिवार.

कायद्याचे कागद लिहून देणारा कारकून म्हणाला, "दोन साक्षीदार आणा, पण ज्याला काही मिळणार आहे त्याची सही नको." डॉक्टरांनी कबूल केले; मात्र माझ्या शुद्धीपुरतीच सही करीन, मजकुराची जबाबदारी घेणार नाही, असे बजावले. मग मी हा कागद आणि गोधडी घेऊन अकरा वर्षांनी दादाच्या अंगणात गेलो. दादा घरी नव्हता. वहिनीने कलम सहा उभ्यानेच वाचले. मग खाली बसून पुन्हा वाचले.

"मेल्यावर सांगणार होतात होय? छान. म्हणजे मी भांडायचं कोणाशी? फोटोशी?"

मी म्हणालो, "वहिनी, गोधडी तुम्हाला..."

"गोधडी नको मला. ज्याला काही मिळणार त्याची सही चालत नाही ना? मग काही देऊ नका. मला या कागदावर सही करायची आहे. तेव्हा अख्खं अंगण साक्षीला होतं, माझ्या बाजूने एक नव्हता. आता मीच होते साक्षीदार."

"आणि गोधडी?"

"सोमवारी पांघरा दवाखान्यात. बरे व्हा आणि स्वतः धुवा. गार पाण्यात." पेन हातात घेऊन ती थांबली. "पण सही करायच्या आधी एक राहिलं, भाऊजी."

आतून तिने दादाचे दाढीचे सामान आणले आणि आरसा स्वतः धरला.

सबब कलम सहातली गोधडी देण्याची तरतूद रद्द. बाकी मजकूर कायम.

लिहून देणार: (सही)
ओळखीची खूण: वरच्या ओठावर ताजा कापल्याचा व्रण. आज दुपारपर्यंत तिथे मिशी होती.

साक्षीदार १: डॉक्टर (सही, फक्त शुद्धीपुरती)
साक्षीदार २: थोरली वहिनी (सही). सर्व मजकूर वाचला. खरा आहे. पाणी कोमटच होते.

ठिकाण: दादाचे अंगण
दिनांक: शनिवार, ऑपरेशनला दोन दिवस बाकी