एलिजिबल

१७ नोव्हेंबर १८६४, गुरुवार. अकोला.
आजपासून तारीख इंग्रजीच टाकायची. कापसाच्या कोठीवर दुभाषी हवा म्हणून साहेबाने उमेदवार बोलावले होते. मला इंग्रजीत बरंच काही विचारलं. मी सगळ्याला 'यस सर' म्हटलं, मध्ये एकदा 'नो सर'. नुसती हांजी हांजी वाटू नये म्हणून. शेवटी साहेब मान हलवून म्हणाला, "यू आर एलिजिबल." असा शब्द जुन्या शहरात आजवर कोणाला मिळाला नसेल.

माझ्यामागून रहमतुल्ला आत गेला. लहानपणापासूनचा मित्र, इंग्रजीही माझ्याकडूनच शिकला. त्याला साहेब नुसतं 'कम ऑन मंडे' म्हणाला. एकही मोठा शब्द नाही. मोर्णा नदी ओलांडेपर्यंत मी त्याची समजूत घालत होतो. बिचारा.

१८ नोव्हेंबर. सकाळी.
शब्दाचा अर्थ लावला. शेवटी 'बल' आहे. कॉन्स्टेबलातही आहे, आणि त्याला लोक किती भितात! आधीचं 'एलिजि' हा इलाख्याचा अपभ्रंश असणार. म्हणजे इलाख्यावर ज्याचं बल चालतं तो. मैनाबाईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ते झालं, पण कामावर कोन्या दिवशी जायाचं? बायकोला व्याकरणाची गोडी नाही.

१९ नोव्हेंबर.
शाळेतली मास्तरकी सोडली. शाळा चालवणारे खुशालराव म्हणाले, कोठीचं पक्कं होऊ द्या, मग सोडा. मी म्हटलं, एलिजिबल माणसाने पोरांना बाराखडी घोकवणं साहेबाला खपणार नाही. त्यांनी संध्याकाळीच नत्थुजीला माझ्या जागी नेमलं. पोरांची काळजी वाटते.

२१ नोव्हेंबर, सोमवार.
रहमतुल्ला कोठीवर गेला. बहुधा झाडलोट असावी. मी घरीच थांबलो. आपण होऊन जाणं बरं दिसत नाही. बोलावणं यावं लागतं.
निश्चय: यापुढे रस्त्याने हळू चालायचं.

२८ नोव्हेंबर.
बोलावणं नाही. ऐन हंगाम आहे. विलायतेला कापूस पुरत नाही, त्यात साहेब तरी काय करणार? सहज म्हणून कोठीच्या बाजूने जाऊन आलो. रहमतुल्ला साहेबाच्या शेजारी उभा होता. साहेब एक वाक्य बोलला की हाही एक बोलतो. वरिष्ठांच्या मध्ये तोंड घालायची ही खोड त्याला नडेल.

मैनाबाई दुपारची घरी नसते. विचारलं नाही. माझ्या डोक्यात सध्या मोठ्या गोष्टी आहेत. हल्ली झोप मात्र नीट लागत नाही. पित्त असेल.

५ डिसेंबर. अमरावती.
बैलांच्या दमणीत बसून हाडं खिळखिळी झाली, पण आलो. भगवंतराव माझे दूरचे मामा. कचेरीतून निवृत्त झालेले, घरात भला मोठा इंग्रजी कोश. एलिजिबल माणसाने पागोटं कोणतं बांधावं, एवढंच विचारायचं होतं.

मामांनी मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग कोश उघडला. म्हणाले, हा शब्द लॅटिनातून आला. मुळात वेचून काढणं, निवडणं. त्या लोकांत वेचणं आणि वाचणं एकाच धातूतून निघतं. एलिजिबल म्हणजे निवडण्याजोगा.
म्हटलं, "म्हणजे निवडलेला नाही?"
"बाजारात कोहळं मांडलं आहे, घेण्याजोगं आहे. म्हणून कोणी घेतलं का?"
पागोट्याचं विचारायचं राहून गेलं. मामांचा कोश जुना असावा. नवीन कोशात अर्थ बदललेला असू शकतो.

८ डिसेंबर. अकोला.
दमणीतून उतरलो तो थेट रहमतुल्लाकडे. तुला माहीत होतं का, एवढंच विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "त्या दिशी आले तेवढे समदेच एलिजिबल होते, जानराव. तू इतका खूश होतास, मले सांगवलं नाही."
मी उठलो तशी त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. भाभी रोज कोठीवर येते, कापूस निवडायला. तुला सांगू नको म्हणाली होती.

घरी जायचं धैर्य होईना. शाळेकडे वळलो. आत पोरं पावकीचा पाढा म्हणत होती, खणखणीत, न अडखळता. माझ्या वेळी वीसच्या पुढे कोणी जात नसे. पावकी संपेपर्यंत बाहेर उभा राहिलो. नत्थुजीने पाहिलं, पण हाक मारली नाही. बरंच केलं.

९ डिसेंबर.
आमच्या घरची बाई कोठीवर जाते म्हणून रागवायचं ठरवलं होतं. मैनाबाईच्या बोटांना कापसातल्या पऱ्हाटीच्या काड्या टोचून बारीक जखमा झाल्या आहेत. त्या कधीपासून आहेत, मला ठाऊक नाही.
तीच बोलली. "घरात दाने नव्हते. तुमी इचार करून राहिले होते, म्हटलं करू द्यावा."
आवाजात राग नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

१० डिसेंबर. दुपारी.
आज ती भाकर घरीच विसरून गेली. फडक्यात बांधून घेऊन निघालो. कोठीच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं, कोण म्हणून विचारलं. मास्तर म्हणता येईना, दुभाषी म्हणता येईना. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, गाडीवाले ओरडत होते.
म्हटलं, "मैनाबाईचा नवरा."
त्याने लगेच फाटक उघडलं.