चाळीस यार्डांतले दोन मीटर

एडिनबरा,
बुधवार, १० सप्टेंबर

प्रिय साकेत,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. शनिवार, २३ ऑगस्ट. खालच्या मैदानावर मी चाळीस यार्ड मोजून दोन्ही टोकांना टायमिंग गेट लावली. तू तीनदा धावलास. सर्वांत कमी वेळ ४.४६ सेकंद.

२. त्याच संध्याकाळी आपल्या सगळ्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या वेळांचा तक्ता मी फर्गस कोचला पाठवला.

३. गुरुवार, २८ ऑगस्ट. युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात सीझनआधीचा लेख आला. त्यात बॉल घेऊन पळणाऱ्यांमध्ये तू ‘लीगमधला सर्वांत वेगवान रनिंग बॅक’. आठ सामन्यांत हजार यार्ड, हा कोचचा अंदाज.

४. बुधवार, ३ सप्टेंबर. तो आकडा वाचून जर्मनीतल्या एका क्लबने तुला ऑक्टोबरमधल्या चाचणीला बोलावलं. तुझा होकार त्यांना सोमवार, १५ तारखेपर्यंत हवा आहे.

५. मंगळवार, ९ सप्टेंबर, म्हणजे काल. मैदानाच्या रेषा आखताना कळलं, की आपल्या क्लबच्या मोजायच्या टेपचे पहिले दोन मीटर जागेवर नाहीत.

६. म्हणजे तू चाळीस यार्ड धावलाच नव्हतास. तू सदतीस यार्ड आणि अडीच फूट धावलास. खऱ्या चाळीस यार्डांना तुझा वेळ ४.६८ च्या आसपास यायला हवा.

हे मराठीत आणि कागदावर लिहिते आहे, कारण तुझा फोन चेंजिंग रूममध्ये सगळ्यांच्या हातात असतो आणि ॲलिस्टर तुझे मेसेज मोठ्याने, अभिनयासकट वाचून दाखवतो. हे पत्र त्याला मिळालं तर तो फार तर उलटं धरून बघेल. शिवाय तू मराठी सावकाश वाचतोस. स्लाऊच्या आपल्या रविवारच्या मराठी वर्गात तुझा धडा वाचून होईपर्यंत बाकीची मुलं बिस्किटं संपवून परत आलेली असायची. हेही सावकाश वाच. पुढे चांगली बातमी आहे, आणि ती वरच्या सहा मुद्द्यांपेक्षा मोठी आहे.

चूक कशी झाली ते तुला कळायला हवं. टेपचं टोक कधीतरी गवत कापायच्या यंत्राखाली गेलं असणार. कोणीतरी तुटका भाग कापून टाकला आणि धरायची कडी दोन मीटरच्या खुणेपाशी पुन्हा बसवली. काम इतकं नीटनेटकं, की बघणाऱ्याला टेप तशीच आलेली वाटावी. काल सिया आणि मी रेषा आखत होतो. रग्बीच्या जुन्या रेषेपासून गोललाइनपर्यंत बावीस मीटर भरायला हवेत, टेप चोवीस सांगत होती. सियाला वाटलं, मैदान वाढलं. ती क्लबची अध्यक्ष आहे आणि लांबून बॉल गोलात मारणारी आपली किकरही, त्यामुळे मैदान वाढलं तर तिचा तोटा. ती माझ्यावरच चिडली. मी कडीजवळचा पहिला आकडा वाचला: दोन.

मी पोटासाठी दुसऱ्यांची मोजमापाची उपकरणं तपासते. २३ ऑगस्टला सकाळी दोन्ही गेट मी लॅबमध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत तपासून आणली होती. टेप मात्र क्लबच्या बॅगेतून काढली आणि अंथरली. त्याहून वाईट म्हणजे त्या दिवशी सगळेच जोरात धावले. एकशे तीस किलोच्या ॲलिस्टरचा वेळ तीन दशांश सेकंदांनी सुधारला. त्याने त्या आनंदात अख्ख्या टीमला पबमध्ये नेलं, आजीला फोन केला आणि आपण समोरच्यांना अडवणाऱ्या लाइनमध्ये उगाच अडकलो, आपण मुळात धावपटूच, असं जाहीर केलं. सगळे आकडे एकाच बाजूला सरकले तर आधी उपकरणावर संशय घ्यायचा, हे मी लॅबमध्ये नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते. इथे मी ते श्रेय कोचच्या उन्हाळी टेकडी-धावण्याला दिलं. कोचने तर लगेचच घेतलं.

आता बातमी. आज मी रजा घेतली आणि सकाळी आठपासून गेल्या सीझनच्या आठही सामन्यांतल्या तुझ्या धावांचे व्हिडिओ बघितले. या मोजणीला टेप लागतच नाही, त्यामुळे तिथल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो. बॉल घेऊन तू एकशे एकतीस वेळा धावलास. त्यांपैकी चौऱ्याहत्तर वेळा, तुला पहिल्यांदा भिडलेल्या माणसाला तू पाडता आला नाहीस. मी सियालाही वेगळे मोजायला लावले, माझा आकडा न सांगता. तिचे बहात्तर आले. साकेत, हे निम्म्यापेक्षा जास्त आहेत. लीगच्या साइटवर बाकीच्या सहा टीमचे व्हिडिओ आहेत. त्यांच्या रनिंग बॅकच्या प्रत्येकी दोन सामन्यांतल्या धावा मी तपासल्या, चाळीस टक्क्यांपर्यंतही कोणी पोचत नाही.

आणि तू हे वेगाने करत नाहीस. क्वार्टरबॅकने बॉल हातात दिला की तू दोन पावलं टाकतोस आणि थांबतोस. कोच बाजूने ओरडतो, कशाची वाट बघतोयस, बसची का? मी फ्रेम मोजल्या. सेकंदाला तीस, त्यांतल्या सरासरी अकरा तू जवळजवळ जागच्या जागी असतोस. तेवढ्यात समोरचे दोघं-तिघं जिथे तू जाशील असं वाटतं तिथे झेपावतात, आणि त्यांनी सोडलेली जागा उघडी पडते. डंडीच्या सामन्यातला तिसरा क्वार्टर बघ. डावीकडे सरळ वाट होती. तू गेला नाहीस. मी खुर्चीत बसून ‘जा ना, मूर्खा’ म्हणाले. दोन जण डावीकडे आदळले, आणि तू थांबलास तेव्हा जी फट अस्तित्वातच नव्हती तिच्यातून तू एकोणीस यार्ड गेलास. मी ते सहा वेळा लावलं. सहाव्यांदा मी उभी राहून ओरडले आणि चहा कीबोर्डवर गेला. टचडाउन झाल्यावरही क्लिपबोर्ड खाली न ठेवणारी मीच ही, याची नोंद घ्यावीस.

ते बघताना स्लाऊचा गणपतीचा हॉल आठवला. तू बारा वर्षांचा, तुझ्या हातात चहाच्या चोवीस कपांचा ट्रे, आणि स्टेजपर्यंत दोनशे माणसं. मी पुण्याहून येऊन जेमतेम महिना झाला होता, कोणाशी बोलत नव्हते, त्यामुळे बघायला वेळ भरपूर होता. बाकीची मुलं ‘एक्स्क्यूज मी’ म्हणत घुसत आणि सांडत. तू उभा राहायचास. कोणी काकू वळल्या, कोणी मुलाला उचललं, की तू तिथून पुढे. एक थेंब सांडला नाहीस. स्टेजवरचे काका म्हणाले होते, हा मुलगा वेटर होणार. सुलक्षणाकाकूंनी, तुझ्या आईने, त्यांना चहाच दिला नाही.

म्हणून चालींच्या नव्या प्लेबुकने मला काळजी वाटते. ४.४६ च्या भरवशावर कोचने तुझ्या सगळ्या धावा बाहेरून, साइडलाइनच्या कडेने आखल्या आहेत. तिथे थांबायला वाव नाही, नुसती शर्यत आहे. ४.६८ ला ती शर्यत लीगमधले निदान चार जण तुझ्याविरुद्ध जिंकतील. त्याच धावा मधून आखल्या, लाइनच्या मागे, ॲलिस्टरच्या रुंद पाठीआडून, तर मी हिशेब करून सांगते, हजार हा आकडा कमी पडेल. मी अकराशे चाळीस धरला आहे. पहिला सामना पाच आठवड्यांवर आहे आणि माझ्याने जागेवर बसवत नाही.

काकूंचा परवा फोन आला होता. ‘कस्तुरी, तो फोर पॉइंट काहीतरी सांगतोय, ते चांगलं की वाईट? आम्ही इथे फ्रॅक्चर क्लिनिकमध्ये दिवसभर लोकांची मुलं जोडतो, त्याला म्हणावं आईला घरी काम आणू नकोस.’ मागून तुझे बाबा, मोहनकाका, विचारत होते, जर्मन क्लब जेवायला काय देतो. दोघंही फार खूश होते. मी चांगलं आहे म्हणाले. तेव्हा मला टेपचं माहीत नव्हतं.

जर्मनीचं पत्र आलं त्या दिवशी तू ते घेऊन थेट माझ्या लॅबच्या दाराशी आलास. घरी कळवायच्या आधी मला सांगितलंस. एक वर्ष, कदाचित दोन, म्हणालास, आणि हे तुझ्यामुळे झालं, असंही. मी अभिनंदन केलं आणि कोणत्या तारखेचं विमान, ते विचारलं. तू पत्राची घडी घालून खिशात ठेवलीस. मला मीटिंग आहे, असं मी म्हणाले. मीटिंग नव्हती.

जर्मन क्लबला खरा आकडा सोमवारच्या आत कळायलाच हवा. तू ४.४६ वर तिथे गेलास तर ते पहिल्याच सकाळी तुला शाबूत टेपवर धावायला लावतील. खरा आकडा आणि व्हिडिओंचा तक्ता आपण आधीच पाठवला तर ते नाही म्हणू शकतात, किंवा बोलावू शकतात, पण मग बोलावतील ते तुला. तक्ता तयार आहे. कोचला अजून सांगितलेलं नाही, सिया रविवारपर्यंत गप्प राहणार आहे. आधी तुला कळावं, आणि माझ्याकडून कळावं, असं मला वाटलं.

राहिलं एकच, आणि खरं तर त्याच्यासाठी हे पत्र आहे. २३ ऑगस्टला घड्याळावर ४.४६ दिसलं तेव्हा तू गुडघ्यांवर हात टेकून वाकला होतास आणि माझ्या चेहऱ्यावरून आकडा वाचायचा प्रयत्न करत होतास. मला तो आकडा तुझ्यासाठी इतका हवा होता, की मी काहीच तपासलं नाही. आणि काल रेषा आखायचं काम माझं नव्हतं. तू जाणार हे कळल्यापासून मी क्लबमधली दिसेल ती वस्तू पुन्हा मोजत होते. चूक सापडली ती खरी आहे, पण मी ती शोधत होते, हेही खरं आहे. ऑगस्टमध्ये मला तू वेगवान हवा होतास, सप्टेंबरमध्ये इथे हवा आहेस. अशा माणसाने तुझा वेळ मोजू नये. म्हणून रविवारी, १४ तारखेला, सकाळी दहा वाजता तू पुन्हा धावावंस अशी माझी विनंती आहे. अंतर आणि वेळ दोन्ही सिया मोजेल. मी पलीकडच्या टोकाला रिकाम्या हातांनी उभी असेन. आकडा काहीही आला तरी तिथेच असेन. येशील की नाही, ते मला शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळव.

चुकीसकट तुझीच,
कस्तुरी