समोरच्या काकू अजून आहेत

आई, समोरच्या काकू अजून आहेत. खरं तर हे तुला आनंदानं सांगायला हवं, पण ते मला कधीच जमलं नाही, आज तरी कुठून जमणार? ऐंशी पार केलीय त्यांनी. कानानं कमी ऐकू येतं, गुडघे कुरकुरतात, पण मुलुंडच्या गॅलरीत उभ्या राहून खालच्या भाजीवाल्याशी अजून तशाच भांडतात. उद्या माझं ऑपरेशन आहे, म्हणून काल बोरिवलीपर्यंत रिक्षा करून मला बघायला आल्या. तुला जे झालं तेच मला झालंय. पण माझं खूप लवकर सापडलं. हाताला लागायच्या आधी मशीनला दिसलं. डॉक्टर म्हणतात गाठ तेवढी काढायची, बाकी सगळं जागेवर ठेवायचं, मग काही दिवस किरणांचे शेक घ्यायचे. बरी होशील म्हणतात. तरी भीती वाटतेच, आणि ती कुणाला दाखवायची ते कळत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तर पहिलं वाक्य काकूंचंच आलं. माझ्यात हा हेवा किती मुरलाय बघ.

सुरुवात त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून झाली. मी आठवीत होते. बिल्डिंगच्या महिला मंडळानं त्या वर्षी डोकं चालवलं. तपासणीचं शिबिर ठेवलं तर बाई येत नाही, पण वाण लुटायचं म्हटलं की म्हातारीसुद्धा जिना चढते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि हळदीकुंकू आपल्या घरी ठेवलं, कारण आपल्या स्वयंपाकघराला दार होतं. मला अजून सगळं दिसतं. मी नवं परकर-पोलकं घालून दारात उभी आहे, येईल तिच्यावर गुलाबपाणी उडवतेय. तू काळी चंद्रकळा नेसली आहेस, हलव्याच्या ताटापाशी धावतेस, मसाला दुधाखालचा स्टो बारीक करतेस, परत बाहेर येतेस. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसून सरळ बोलतायत, आणि बायका पदराआड हसतायत. त्या सांगतात, छातीतली गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून तर बायका तिच्याकडे लक्ष देत नाहीत. दुखत नाही म्हणजे काही नाही, हे डोक्यातून काढून टाका. दर महिन्याला पाळी संपली की आंघोळीत साबणाच्या हातानं नीट चाचपून बघा, काखेतसुद्धा. कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंड आत गेलं, त्यातून पाणी आलं, तर त्याच आठवड्यात दाखवा. गाठ लागली म्हणजे कॅन्सरच असं मुळीच नाही, बऱ्याचशा गाठी साध्याच निघतात, पण ते आपण घरी बसून ठरवायचं नाही. घरात कुणाला नव्हता म्हणून आपल्याला होणार नाही असंही समजू नका. आणि आईला किंवा बहिणीला झाला असेल तर जास्तच जपा.

मग आत, मोरीपाशी, तुझी जुनी साडी आडवी बांधून आडोसा केला, आणि डॉक्टरीणबाई एकेकीला तपासणार म्हणाल्या. कुणी उठेचना. समोरच्या काकू तर पार भिंतीला चिकटल्या. तू त्यांचा हात धरलास. एरवी तू सगळ्यांशी शहरी बोलायचीस, पण जवळच्या माणसाशी बोलताना तुझं मालवणी आपोआप बाहेर यायचं.

"चल गो, मी आसंय तुझ्या वांगडा. ती काय तुका खातली?"

"अहो वहिनी, मला लाज वाटते ना!"

"लाज घाल चुलीत. चल."

तू त्यांना आत घेऊन गेलीस आणि आडोशाआड त्यांच्याजवळ उभी राहिलीस. थोड्या वेळानं बाहेर आलात तेव्हा काकूंचा चेहरा पांढरा पडलेला होता. डाव्या बाजूला गाठ लागली होती. काकू उठल्या म्हणून मग बाकीच्याही एकेक करून उठल्या. डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, "तुमचं?" तू म्हणालीस, "मी घरचीच आहे. आधी आलेल्यांचं होऊ दे." घरची बाई सगळ्यांच्या मागून जेवते, सगळ्यांच्या मागून बसते, तशी तपासणीलाही मागून. बायका निघाल्या तशी तू प्रत्येकीला हळदकुंकू लावत, वाण देत दारात उभी राहिलीस. शेवटी डॉक्टरीणबाईंची ओटी भरलीस. त्यांनी दारात चपला घालता घालता परत विचारलं, "अहो, तुम्ही राहिलातच की!" तू हसून म्हणालीस, "पुढच्या खेपेला." त्यांच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज मी ऐकलाय, आई. कितीतरी वर्षं मला वाटायचं की मी मागून धावत जाऊन त्यांना परत आणायला हवं होतं. पण मी तेरा वर्षांची पोर, मला काय कळणार होतं?

काकूंचं ऑपरेशन झालं. तेव्हा सरसकट सगळंच काढायचे. त्या घरी आल्या आणि तू त्यांची झालीस. सकाळी आपल्या घरातली पेज आधी समोर जायची. त्यांची पट्टी बदलायला तूच, त्यांचे केस विंचरायला तूच, त्यांच्या ब्लाउजात आतून कापसाची गादी शिवून द्यायलाही तूच. मी शाळेतून यायचे तर आपल्या दाराला कडी आणि तू समोर. त्यांची मुलगी माझ्याच वर्गातली, माझी मैत्रीण. तिच्या वेण्या तू आधी घालायचीस, कारण तिची आई आजारी, आणि माझ्या घाईघाईत, कारण माझी आई धडधाकट. एकदा मी रागानं वेणी सोडून टाकली. तू म्हणालीस, "शहाणी मुलगी ना तू?" मला शहाणी व्हायचं नव्हतं. मला फक्त माझी वेणी आधी घालून हवी होती.

पुढची संक्रांत आली तेव्हा तुझा हात सुजलेला होता. तू म्हणत होतीस, पीठ मळून मळून भरून आलाय. काखेतली गाठ बाबांना दिसली आणि त्यांनी तुला ओढत मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर नेऊन विचारलं, इतके दिवस काय करत होतात? तुला कापलं, लाईट दिले, सुया दिल्या, आणि तरीही तू गेलीस. माझी दहावी व्हायची होती. मी कुणासमोर रडले नाही, कारण रडायला लागले की काकू जवळ घ्यायच्या, आणि मला त्यांचा स्पर्श नको असायचा.

त्यानंतरचं माझं आयुष्य तुला दोन तऱ्हेनं सांगता येईल. एक, की समोरच्या बाईनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. दुसरं, की मी समोरच्या दारातून रोज दुसरीची आई बघत वाढले. दोन्ही खरं आहे. दहावीचा निकाल लागला तेव्हा काकूंनी दोघींच्या नावानं पेढे वाटले. मी एक पेढा घेतला आणि संडासात जाऊन थुंकला. मैत्रिणीच्या लग्नात काकू आचाऱ्यावर ओरडत मांडवभर फिरत होत्या, तेव्हा सगळे हसत होते आणि मी वधूकडे बघत होते, तिला या ओरडण्याची लाज वाटत होती म्हणून. तिच्या बाळंतपणात त्यांनी तिला शेक-शेगडी केली. माझ्या बाळंतपणातही त्याच आल्या, तसंच सगळं केलं, आणि मी डोळे मिटून पडून राहिले. मैत्रीण अजून फोनवर सांगते, "आई ना, नुसता वैताग आहे यार! दिवसातून दहा वेळा फोन करते, जेवलीस का, गोळी घेतलीस का. डोकं खाते नुसतं." एकदा माझ्या तोंडून गेलंच, "मग दे मला." ती हसली. तिला तो विनोद वाटला.

आणि याच काकूंनी मला वाचवलं, हे सगळ्यात अवघड. तुझ्या दिवसांचं सगळं आवरल्यावर त्यांनी मला आणि मैत्रिणीला समोर बसवून सांगितलं होतं, "तुम्हां दोघींच्या आयांना झालंय. म्हणजे तुम्हांला होणारच असं नाही. पण तुम्ही विसरून राहायचं नाही." तुला ज्या वयात झालं त्याच्या बरंच आधीपासून त्यांनी आम्हां दोघींना तपासणीला पाठवायला सुरुवात केली. दरवर्षी आम्ही एकाच दिवशी जातो. मशीनच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबतात, तेव्हा जीव नकोसा होतो. बाहेर येऊन आम्ही इडली खातो आणि काकूंना फोन करतो. तिला घरी कळवायला आई आहे, आणि मलाही तीच. यंदा मैत्रिणीचा रिपोर्ट स्वच्छ आला. मला परत बोलावलं, सुई घालून तुकडा घेतला. त्या दिवशी तिनं मला मिठी मारली आणि मला मनात काय आलं सांगू? हिला हेही मिळालं.

काल काकू आल्या. माझी मुलगी चहा टाकत होती. तिला मी सगळं हसत हसत सांगितलंय, इवलीशी गाठ आहे, दोन दिवसांत घरी, तू ऑफिसला सुट्टीसुद्धा घेऊ नकोस. काकूंनी पलंगावर बसून माझा हात हातात घेतला आणि नेहमीचंच सुरू केलं, तुझ्या आईनं मला आत नेलं म्हणून मी आहे. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकू येत नाही. पण काल त्या थांबल्या.

"तुला एक सांगायचं राहिलंय. सांगू का नको, सांगू का नको, करत इतकी वर्षं गेली." त्यांचा आवाज लहान झाला. "तिला तिची गाठ आधीपासून लागत होती. हळदीकुंकवाच्याही आधीपासून."

"कुणी सांगितलं तुम्हांला?"

"तिनंच. हॉस्पिटलात, अगदी शेवटी. म्हणाली, मी तुला पुढे केलं, बघू तरी काय करतात ते. आणि मग माझं कापलेलं रोज बघत होती ना ती, पट्टी बदलताना. एकदा पट्टी काढली नि तिचे हात असे थरथरायला लागले. मला वाटलं, माझी दया येतेय. तसं नव्हतं गं. घाबरली होती ती. माझं बघून घाबरली आणि गप्प बसली."

त्या रडायला लागल्या. माझ्याकडून माफी हवी होती त्यांना, जशी काही त्यांची जखमच गुन्हेगार होती. मी म्हटलं, "काकू, तुम्ही काय केलंत त्यात?" ते मनापासून म्हटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू हौसेनं, मोठेपणानं मागे राहिलीस. तू नुसती घाबरली होतीस. डॉक्टरीणबाई दोन वेळा विचारतात आणि तू ताट, वाण, ओटी असं जे हाताशी येईल ते पुढे करतेस. ते चित्र मला एकदम कळलं, कारण गेला महिनाभर मी तेच करतेय. फक्त मी तपासणी चुकवली नाही, हाच काय तो फरक.

मला राग यायला हवा होता. तू बोलली असतीस तर कदाचित असतीस, काकूंसारखी भाजीवाल्याशी भांडत. पण राग आला नाही. हेवाच आला, आई, या खेपेला सगळ्यांत जोरात. तुझे थरथरणारे हात त्यांनी पाहिले. मी तुझी मुलगी, आणि मला तू कधी घाबरलेली दिसलीच नाहीस. मला शहाणी मुलगी म्हणून बाहेर ठेवलंस आणि तुझी भीती समोरच्या घरी नेऊन ठेवलीस.

आज दुपारी मुलगी माझी बॅग भरत होती. मी तिला जवळ बसवलं आणि म्हटलं, "ऐक ना. मला खूप भीती वाटतेय." तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. मग तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि मी तिच्यासमोर रडले, नाक गळेपर्यंत. ती रडली नाही. मोठी दिसत होती एकदम. उद्या सुट्टी घेणार आहे म्हणाली, आणि स्वतःची तपासणी कधीपासून सुरू करायची ते डॉक्टरांना उद्याच विचारू, असंही म्हणाली.

हे पत्र पाठवायला जागा नाही, आणि असती तरी पाठवलं नसतं, कारण ते तू काकूंना वाचून दाखवलं असतंस. खरं सांगायचं तर मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत असतानाही मला हेवा वाटत होता. तिचा. तिच्या आईनं तिला सांगितलं म्हणून.