आनंदाची उडी

प्रिय मानांग रोसेन्दा,

मुलगी झाली! तुझा निरोप आज सकाळी खाणीवर पोचला आणि तुझ्या या धाकट्या भावाने गाढवपणा केला. आनंदाच्या भरात उडी मारली. शनीच्या या चिमुकल्या चंद्रावर कमरेचा दोर खुंटीला अडकवल्याशिवाय कुणी शिंकतसुद्धा नाही, आणि मी, इथे सहा वर्षं काढलेला जुना माणूस, दोर न लावताच उडालो. चाळीस मिनिटं झाली, अजून वरच चाललोय.

हे पत्र मी लिहीत नाहीये, बोलतोय. पाठीवरच्या रेडिओवरून खाली आमच्या मुकादमाला, अनिसेतोला, ऐकू जातंय; तो उतरवून घेतोय. आधी त्याने यथेच्छ शिव्या घातल्या. "मामा झालास म्हणून काय आभाळात जाऊन बसतोस?" मग आवाज उतरला त्याचा. मला खाली यायला अजून दोन तास लागणार, आणि हवा दीड तासाची आहे. ओढून आणणारी गाडी चंद्राच्या पलीकडे, तिला यायलाच तीन तास.

हातपाय झाडून इथे काही होत नाही गं. धरायला काही नाही, रेटा द्यायला काही नाही. पाय सुटला तेव्हाच पुढची सगळी वाट ठरली आणि मी तिच्यात अडकलोय. खाली आमचे दिवे दिसतात, पण तिकडे जाता येत नाही. मला भीती वाटते, मानांग.

उपाय एकच. अंगावरचं वजन जोरात वर भिरकावायचं, म्हणजे आपण तेवढे खाली रेटले जातो. पण सरळ डोक्यावर. तिरकं गेलं तर मी भलतीकडे उतरणार, आणि धरायला कुणी नसलं की आपटून पुन्हा वर. हातोडा फेकला, पहार फेकली, दगडांची पिशवी फेकली. आठवतं, चिंचा पाडताना तू ओरडायचीस, "फेर्मिन, चिंच राहू दे, शेजाऱ्यांचे पत्रे तरी सोड!" मग माझा हात धरून शिकवायचीस: खांदा आधी, मनगट नंतर, नजर वरच. आज तिन्ही वेळा सरळ गेलं बघ.

तरी हवा दहा मिनिटं कमी पडते. खाली सगळे जाळं धरून उभे आहेत म्हणे. अनिसेतो आता शिव्याही देत नाही. मुलीला आजीचं, पुरिता हेच नाव ठेव. तिला माझ्यावर रागवू देऊ नकोस. हे सगळं आत्ताच सांगतोय, कारण फेकण्यासारखी एकच वस्तू उरली आहे, हा रेडिओ. खांदा आधी, मनगट नंतर.

तुझाच,
फेर्मिन