राखेचा डबा

६ मे
घंटागाडीवाल्याने आज बंबाची राख परत केली. मागे कुणाच्या तरी गरम राखेने गाडीतला कचरा पेटला म्हणे. माझी कालची, थंडगार. ऐकेना. बादली घेऊन परत. सगळी वांग्यांच्या वाफ्यात.

९ मे
सं.चा पुण्याहून फोन. सोलर बसवायचं ठरवलंय. अंघोळीच्या पाण्याचा बंब भंगारात, माणूस पुढच्या रविवारी येणार. "बाबा, आई होती तोवर ठीक होतं." पोराने परस्पर ठरवलं, याचा जास्त राग. फौजेत हुकूम निमूट ऐकले. घरात नाही ऐकणार.

१३ मे
समोरच्या आक्कांच्या कुरडयांवर राख उडाली. बोलल्या. चूक माझी, ऐकून घेतलं. यापुढे वारा पडल्यावर उपसायची. बंब मात्र पेटणार.

१५ मे
वांग्यांवर मावा. वर राख टाकायची तर बादली रिकामी, म्हणून हिचा माळ्यावरचा डबा काढला. वर खडूने 'राख', हिचंच अक्षर. मूठ भरली तर हातात पावटा. टपोरा, एकालाही भुंगा नाही. यंदाच्या पेरणीचं बी. भरून ठेवलं आणि मार्चात गेली. मला बोलली नाही. हात तसाच राखेत. रडलो. लाज कसली.
पण 'राख' म्हणजे डब्यात आहे ती, की जपून ठेव म्हणून?

१६ मे
आक्कांना विचारलं. हसल्या. "आवं, तुमाला ती कवा एकेरी बोलली व्हय? राखा म्हनली असती." खरं आहे. भांडतानासुद्धा 'अहो'च.

१७ मे, रविवार
भंगारवाला दारातून परत पाठवला. सं.चा लगेच फोन. त्याला सांगितलं, "बी राखायचं तर राख लागती. राख पायजे तर बंब पायजे. तुझं सोलर राख देतंय का?"
म्हणाला, राख ऑनलाइन मिळते, मागवून देतो. फोन ठेवून दिला.

८ जून
परसात पावटा टोकला, निम्मा. निम्मा परत डब्यात, बंबाच्या राखेत. ही भरायची तसा, एक थर राखेचा, एक बियांचा. जमलं असावं.
सं. शनिवारी स्वतः येतोय, सोलरवाल्याला घेऊन.
डबा माळ्यावर नाही ठेवला. बंबाशेजारीच, दिसेल असा. खडू सापडला. हिच्या 'राख'पुढे एक काना दिला.
येऊ दे त्याला.