कोकराच्या किमतीचा सायलेन्सर

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज आबांवर हात टाकला. सख्ख्या चुलत्यावर!

नदीकाठी डबे मांडून नेहमीसारखे बार उडवत होतो. तिसऱ्या बाराला आबांची गाभण मेंढी उधळली ती थेट काटेरी तारेत. संध्याकाळी गाभडली. आबा तसेच रक्ताच्या हातानं आले आणि बंदूक धरून ती भीमेत फेकायला निघाले. मी मनगट पिरगाळलं.

"हात टाकतो व्हय रं माझ्यावर? कालिज सोडून ह्योच धंदा शिकलास?"

छर्‍याची बंदूक आहे, हवेवर चालणारी. आठवड्यातनं एकदा बाटल्या-डबे फोडतो, बस्. पण आवाज खऱ्या बंदुकीसारखा जातो, हे खरं. पाण्यावरनं तर पार पलीकडं.

आबा जाता जाता म्हणाले, "पुन्यांदा आवाज आला तर बंदूक न्हाई, तुला टाकीन पाण्यात."

मनगट सुजलंय त्यांचं. बघितलं मी.

२३ फेब्रुवारी

आज ती आली होती. सुलक्षणा.

अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. मधी नदी. तिच्या घराचा बांध बरोबर माझ्या डब्यांच्या समोर. मी चार-दोन बार उडवतो, तोवर ती म्हैस घेऊन पाण्यावर येतेच. वेळच असंल म्हशीची. बंदुकीच्या दुर्बिणीतून बघतो तिला, आधी छर्रा काढून. ती उभी राहते. मी उभा राहतो. झालं.

सर्जेरावनं, म्हणजे तिच्या भावानं, जानेवारीत तिचा मोबाईल फोडला. रांजणगावची नोकरी बंद केली. आता एवढंच राहिलंय.

आबांना घाबरून आज एकच बार उडवला. तरी दोन मेंढ्या ताठ झाल्या.

२५ फेब्रुवारी

बंदुकीला सायलेन्सर घ्यायचा. ठरलं!

माझा दोस्त रविराज कंपनीतनं सुटल्यावर आला. मोबाईलवर तीन दाखवले. पहिला प्लॅस्टिकचा — "भावा, ह्यो म्हंजी पिचकारीचं टोपण. महिन्यात फुटंल." दुसरा परदेशी. त्याच्या किमतीत आबांचा अर्धा कळप येईल. तिसरा अॅल्युमिनियमचा, हलका, माझ्या नळीच्या आट्यांना बसणारा. त्याखाली वापरणाऱ्यांनी लिहिलंय, आवाज निम्म्याहून कमी होतो.

रविराज म्हणाला, "कायद्यात बसतं का बघ आधी. दुकानदार तर फोनवर नीट बोलंना."

"डबे फोडायला कसला कायदा?"

"डबेच ना?" आणि माझ्याकडं बघत राहिला. मी चहाचा ग्लास भिंतीवर फोडला. उगाच.

खरं तर आबांच्या मेंढ्या हे निम्मंच कारण. डिसेंबरात शिरूरच्या स्टँडवर ती हसत म्हणाली होती, "तुझी बंदूक आमच्या गोठ्यापत्तुर ऐकू येती बरं का." तिला ऐकू येते म्हणजे सर्जेरावलाही. त्याला कळलं मी समोर असतो, तर बांधावर यायचंही बंद. तेव्हा मला अक्कल आली नाही.

माझ्या वाटणीचं कोकरू विकलं. तिसराच मागवला.

९ मार्च

आला. बसवला. काय चीज आहे! फक्त फुस्स, आणि डबा आडवा. आबा मेंढरांत उभे होते, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मग मीच जाऊन सांगितलं. म्हणाले, "बरं केलंस. माझ्या म्हातारपणी तेवढं तरी ऐकलंस."

ती आली नाही. पाहुणे असतील.

१६ मार्च

नाही आली. अंधार पडेपर्यंत बसलो. सगळे छर्रे संपवले.

२३ मार्च

नाही!

रविराज म्हणाला, "केडगावकडचं स्थळ आलंय म्हनं. पोरगी राजी दिसती, म्हणून बाहेर येत न्हाई." मी त्याच्या तोंडावर मारली. तो पडला तरी मारत होतो. कॉलेजात असंच झालं होतं. सुलक्षणाबद्दल एकजण वाकडं बोलला, त्याचा दात पाडला, परत वर्गात गेलोच नाही. पण तो वाकडं बोलला होता. रविराज काय बोलला?

बोटं दुखतात. पेन धरवत नाही.

३० मार्च, पाडवा

आज पलीकडच्या घरावर गुढी. दारात केडगावची गाडी. सर्जेराव जीपला टेकून हसत होता. हाच तो, भर चौकात माझी कॉलर धरून "मेंढराचा वास येतोय कुठनं तरी" म्हणणारा.

पुलावरनं पलीकडं गेलो. बाभळीत पडून राहिलो. तो घरात जाईस्तोवर थांबलो, मग जीपच्या काचेवर नेम धरला. फुस्स. काचेवर जाळं पसरलं. कोणी बघितलं नाही, ऐकलं नाही. बरं वाटलं! फार बरं वाटलं.

१ एप्रिल

सर्जेरावनं शेजारच्या पोल्ट्रीवरच्या बिहारी कामगाराला धरलं. काचेवर दगड त्यानंच मारला म्हणे. "मैंने नहीं मारा मालिक, माँ कसम" ओरडत होता, असं आमच्या वस्तीवरच्या गिताबाई आबांना सांगत होत्या. टिकावाच्या दांड्यानं हात मोडला त्याचा.

आवाज आला असता तर लोकांनी नदीकडं बघितलं असतं.

मार माझा होता, तो त्यानं खाल्ला. आणि तरी लिहितो — आता काच नाही. आता सर्जेराव. त्याचा डोळा.

१३ एप्रिल

पंचवीसला लग्न. तिनं स्वतः हो म्हटलं, असं सगळीकडं झालंय.

रोज नेम धरतो. डब्यावर कोळशानं डोळा काढलाय. दहातले नऊ लागतात. आबा बघून गेले. थोड्या वेळानं परत आले, "डब्याला डोळं कशाला रं?" मी पुढचा छर्रा भरला. आज ते गोठ्याच्या दारातच घोंगडी टाकून बसलेत. बंदूक आत आहे. त्यांना ओलांडून जायला लागेल.

२३ एप्रिल

गिताबाई पलीकडं कांदे काढायला जातात. त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मी त्यांच्याशी कधी बोललोच नाही. आज त्याच आल्या. तिचा चुडा भरून झाल्यावर ओसरीत तिनं त्यांना गाठलं म्हणे.

"तुला इचारलंय तिनं. बंदूक का टाकून दिली म्हनं?"

"टाकली न्हाई. आवाज बंद केला."

"आगं आई! ती तर आवाजावरच यायची रं म्हैस घिऊन. बार झाला की कासरा सोडायची. लई रविवार दाराशी थांबली. बार न्हाई. मग म्हणाली, त्यानं नाद सोडला, मी तरी कुणासाठी अडून बसू? आन् त्या स्थळाला मान हलवली."

गिताबाई डोळे पुसत गेल्या.

२४ एप्रिल

आबांना उठवलं. म्हटलं, मेंढरं आत घ्या. त्यांनी दारातली घोंगडी गुंडाळली.

सायलेन्सर आटे फिरवून काढला, नदीत फेकला. एक बार, हवेत. सगळा काठ दणाणला. आणखी एक छर्रा भरला आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

बांधावर ती आली. म्हैस नव्हती. कोपरापर्यंत हिरवा चुडा. मागून सर्जेराव धावत आला आणि बरोबर माझ्या नेमात उभा राहिला.

छर्रा काढला.